माप बरोबर आहे साहेब, पण मापात काय आहे?

प्रति,
मा. नियंत्रक, वैधमापन शास्त्र यंत्रणा, महाराष्ट्र राज्य,
आणि ठाणे-नवी मुंबईतल्या पेट्रोल पंपांचं माप तपासणारे आपले सर्व निरीक्षक

विषय: पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के आहे ते नोझलवर आणि बिलावर लिहिलेलं असावं, याबाबत.

महोदय,

इथेनॉलबद्दलचं पत्र पेट्रोलियम मंत्रालयाला न लिहिता आम्हाला कशाला, असं तुम्हाला वाटेल. मंत्रालयाला लिहिणारे पुष्कळ आहेत आणि मंत्रालयाने दिलेली उत्तरंही आम्ही वाचली आहेत. मला बोलायचं आहे मापाबद्दल, आणि मापाचा विषय निघाला की आमच्या घरी एकच खातं आठवतं. तुमचं नाव आता वैधमापन शास्त्र यंत्रणा असं भारदस्त झालं असलं, तरी माझ्या तोंडी अजून ‘वजनमापेवाले’च बसलेलं आहे. तेवढं चालवून घ्या.

माझं माहेर मिरजेजवळचं. वडिलांचा ऊस होता. कारखान्याच्या काट्यावर गाडी चढली की वडिलांचा जीव खालीवर व्हायचा. ‘काटामारी’ हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. वजनमापेवाल्यांचं पथक काट्यावर येऊन गेलं की चार दिवस ऊस जड भरतो, असं वडील म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि अनुभव किती ते मला कधी कळलं नाही. तोच ऊस आता रस, मळी, अर्क अशी रूपं बदलत, इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये मिसळून ठाण्यात येतो आणि माझ्या स्कूटरच्या टाकीत उतरतो. त्याच्या वाटेच्या दोन्ही टोकांना तुम्ही उभे आहात, तिकडे वजनकाट्यापाशी आणि इकडे नोझलपाशी. म्हणून पत्र तुम्हाला.

(आणखी एक योगायोग. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली झाले, त्यात महाराष्ट्रातलं एक ठिकाण मनमाड होतं आणि दुसरं आमचं मिरज. म्हणजे हे पाहुणं माझ्या माहेरचंच. त्याचा राग मला येणं कठीण आहे.)

आता स्कूटरची हकीकत सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

माझी स्कूटर २०१२ सालची, कार्ब्युरेटरची. चरईतून बाजारहाट, बँक, कधी कोपरीला बहिणीकडे, एवढाच तिचा संसार. गेल्या पावसाळ्यात ती आठवडाभर सोसायटीच्या गळक्या पत्र्याखाली उभी होती. नंतर बाहेर काढली, तीन हात नाक्यापर्यंत कशीबशी आली आणि सिग्नलला बंद पडली ती पडलीच. मागच्या रिक्षावाल्यांनी काय काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. ढकलत ढकलत ज्या गॅरेजपर्यंत पोचले तिथला मेकॅनिक माझाच विद्यार्थी निघाला. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि हा त्यात अकरावीला एकदा गचकला होता. त्याने पाइप काढून टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं, बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, “बाई, हे बघा. पंपवाल्याने पाणी मारलंय.”

बाटलीत दोन थर होते. वर नारिंगी पेट्रोल आणि खाली पाण्यासारखा, किंचित गढूळ थर. वर्गात विलगकारी नरसाळं दाखवताना असे थर मी किती वेळा दाखवले असतील! पण पंपवाल्यावर आळ घ्यायला माझं मन होईना. टाकीच्या झाकणाचा रबरी वॉशर मी हात लावून पाहिला तर तो वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखा झाला होता. पाणी पत्र्यातून आलं होतं आणि झाकणातून आत गेलं होतं. चूक माझी.

नवी गोष्ट होती ती पाण्याच्या वागण्याची. पूर्वी टाकीत चमचाभर पाणी गेलं तर ते तळाशी वेगळं बसायचं, मेकॅनिक ते काढून टाकायचा, गोष्ट संपली. इथेनॉल आलं की ते पाण्याला आधी आपल्यात सामावून घेतं आणि काही काळ सगळं एकजीव दिसतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. म्हणून खालचा थर आत गेलेल्या पाण्यापेक्षा जास्त भरतो, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातून ओढते. पावसाळ्यात पंपवाले ‘इथेनॉलमिश्रित पेट्रोल आहे, टाकीत पाणी जाऊ देऊ नका’ असे फलक लावतात ते यासाठी. फलक योग्यच आहे. फक्त त्यावर पाण्याची भीती असते, टक्केवारी नसते.

एक खुलासा शिक्षिका म्हणून करायलाच हवा. इथेनॉल हवेतली वाफ ओढून चार दिवसांत टाकी पाण्याने भरतं, असं जे सांगत फिरतात ते अतिशयोक्ती करतात. झाकण घट्ट असेल तर हवेतून येणारं पाणी फार सावकाश येतं. शिवाय आताचं २० टक्के इथेनॉलचं मिश्रण पूर्वीच्या १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा जास्त पाणी सहन करून मग फुटतं. तेव्हा आधी वॉशर बदला, मग सरकारला शिव्या द्या.

त्या दिवशी घरी आल्यावर मात्र मला स्वस्थ बसवेना. आपण टाकीत नेमकं काय भरतो? कपाटात जुना १०० मिलीचा मेजरिंग सिलिंडर होता. मेकॅनिकला घेऊन पंपावर गेले, थोडं पेट्रोल आणलं आणि त्याच्या गॅरेजच्या उघड्या अंगणात, शेजारच्या चहावाल्याला स्टो विझवायला लावून, ५० मिली पाण्यात ५० मिली पेट्रोल ओतलं. (हे कुणीही स्वयंपाकघरात करू नये. खरं तर कुठेच करू नये, मला सवय आहे.) हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात गेलं आणि पाण्याची रेघ ५० वरून वर चढत ५९च्या थोडी वर जाऊन थांबली. ६० का नाही, असं विद्यार्थ्याने विचारलं. अकरावीत विचारलं असतंस तर पास झाला असतास, असं मी म्हटलं. इथेनॉल आणि पाणी एकत्र आले की दोघं मिळून किंचित आकसतात. म्हणजे हिशेब २० टक्क्यांचाच. भेसळ नाही, सरकारने सांगितलं तेवढंच. पंपवाला प्रामाणिक होता.

पण त्या प्रामाणिक पंपावर ‘२०’ हा आकडा कुठेही लिहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच पंपावर जाऊन ग्राहकाचा हक्क बजावला आणि पाच लिटरचं माप मागितलं. पोऱ्याने जराही कुरकुर न करता काढून दिलं. तुमचा शिक्का ताजा होता. पेट्रोल रेघेला रेघ भरलं. मग विचारलं, “यात इथेनॉल किती टक्के?” तो म्हणाला, “शंभर टक्के पेट्रोल आहे आजी, शंका घेऊ नका.” त्याच्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं की तो खोटं बोलतोय. बिलावर घनता छापलेली होती, ती त्याने मोठ्या विश्वासाने दाखवली. घनतेवरून टक्केवारी कळत नाही हे त्याला कोण सांगणार? पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान कुठेही असली तरी ती नियमात बसते आणि इथेनॉलची आहे ७८९. साधारण ७४०च्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल घाला, आकडा जाईल ७५०ला. नियमातच!

मी त्यानंतर कळवा, ऐरोली आणि वाशी इथल्या पंपांवर मुद्दाम डोकावले. एका ठिकाणी ‘ई-२०’ (म्हणजे २० टक्के इथेनॉल) असं उन्हाने उडालेलं स्टिकर दिसलं, तेही नोझल अडकवल्यावर झाकलं जाईल अशा जागी. बाकी ठिकाणी दर, चहा-बिस्किटांची जाहिरात, ‘शून्य पाहा’ ही पाटी आणि हवा मोफत.

आता तुमच्या अंगणातला मुद्दा. पंपाने पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपेक्षा कमी-जास्त दिलं तर तुम्ही त्याची जीभ पकडता. २५ मिली म्हणजे पाच लिटरातला अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्यापुढे गेलं की ते ‘मापात पाप’, मग पंपाला सील लागतं. ठाणेकरांना हे शिकवायला नको. २०१७ साली ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने पंपांतल्या पल्सरमध्ये (इंधन मोजणाऱ्या भागात) आणि चिपमध्ये फेरफार करून माप मारण्याच्या करामती उघड्या पाडल्या तेव्हा तुमचेच अधिकारी मापं घेऊन बरोबर होते. लिटरमागे काही मिली मारल्याबद्दल माणसं आत गेली, आणि योग्यच झालं.

ऊर्जेचा हिशेब आता त्याच फुटपट्टीने लावून बघा. एक लिटर पेट्रोल जाळून जेवढी उष्णता मिळते, त्याच्या साधारण दोन तृतीयांश एक लिटर इथेनॉल जाळून मिळते. एक तृतीयांश कमी. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हणजे पाचव्या हिश्शात एक तृतीयांश घट, अख्ख्या लिटरात साडेसहा-सात टक्के. हे कुठल्या लॉबीचं गणित नाही, दहावीच्या अपूर्णांकाचं आहे. सरकारला ते ठाऊक आहे. नीती आयोगाच्या इथेनॉल मिसळण्याबद्दलच्या जून २०२१च्या आराखड्यातच लिहिलं होतं की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२०वर ६ ते ७ टक्के घटेल, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं १ ते २ टक्के. ऑगस्ट २०२५मध्ये लोक ओरडायला लागले तेव्हा मंत्रालयाने खुलासा केला. त्यातही २० टक्क्यांसाठी न जुळवलेल्या वाहनांसाठी ३ ते ६ टक्के हाच आकडा होता आणि त्याला शब्द वापरला ‘किरकोळ’.

अर्धा टक्का गुन्हा आणि सहा टक्के किरकोळ? मोजणारं खातं म्हणून तुम्हाला हे खटकत नाही का?

सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारायला मी बसलेली नाही. माझा भाचा कासारवडवलीहून तुर्भ्याला गाडीने जातो, २०१६ची गाडी, आणि ‘मायलेज पंधरा-वीस टक्के उतरलं’ म्हणून शपथा घेतो. मी त्याला म्हटलं, त्यातले निम्म्याहून जास्त टक्के घोडबंदर रोडचे आहेत. मेट्रोच्या खांबांखाली पहिल्या गिअरमध्ये तासभर काढलास तर शुद्ध पेट्रोलसुद्धा काय करणार? शिवाय १० टक्के मिश्रण देशभर २०२२च्या जूनमध्येच गाठलं होतं. म्हणजे आत्ताची नवी घट हिशेबाने त्यातली अर्धीच, अर्धी आपण आधीच गिळून बसलो होतो. ऑक्टेन (इंजिनात ठोके न बसता जळण्याची इंधनाची ताकद) वाढतो हेही खरं. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर, त्यामुळे मिश्रण ९१वरून ९५च्या आसपास जातं. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन आणि प्रज्वलनाची वेळ त्यासाठी जुळवलेली असते, त्याला त्याचा फायदा होतो. माझ्या स्कूटरला त्याचं काय? तिला ऑक्टेन वाढल्याचं कळतच नाही. म्हशीपुढे वाचली गीता.

जुन्या गाड्यांचा प्रश्न इथेच येतो. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, तर इथेनॉलला ९. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो, तो धुराड्यातला ऑक्सिजन हुंगून इंधन थोडं वाढवतो. कार्ब्युरेटरला नाक नाही. जेटच्या भोकातून जेवढं जाईल तेवढं जाईल, मिश्रण पातळच राहणार, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. सकाळी चोक ओढून खोकणारी स्कूटर हे त्याचं लक्षण. आणि कार्ब्युरेटर म्हणजे काही पुराणकाळ नव्हे. बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला एप्रिल २०२०मध्ये, त्याच्या आधीच्या बहुतेक दुचाक्या कार्ब्युरेटरच्याच. नौपाड्याच्या कुठल्याही गल्लीत उभ्या गाड्या मोजा, कळेल. रबराचंही तसंच. मंत्रालय म्हणतं, काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, खर्च फार नाही. माझा विद्यार्थी म्हणतो, “बाई, ओ-रिंग, फ्लोटची सुई, पाइप, कार्ब्युरेटर साफ. वस्तू स्वस्त, पण तीन वेळा गाडी खोलायची तर माझी मजुरी कोण देणार?” त्याने एक कार्ब्युरेटर उघडून दाखवला. आत पांढरी भुकटी जमली होती. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटाही सोडवतं आणि तो येऊन जेटमध्ये बसतो. माझ्या स्कूटरच्या पुस्तिकेत २० टक्क्यांचा उल्लेखच नाही. कसा असेल? २० टक्के सोसतील अशा गाड्या साधारण एप्रिल २०२३पासून यायला लागल्या.

पैशाचं बोलू. भाचा महिन्याला हजार किलोमीटर चालवतो. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ६७ लिटरच्या आसपास लागतात. सहा टक्के घट धरा, ७१ लागतील. लिटरला १०३ रुपये धरले तरी महिन्याला चारशेच्या वर जास्त गेले. माझं महिन्याला पंधरा-वीस रुपयांवर भागतं, माझ्यासाठी कुणी मोर्चा काढू नये. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिवसभर पार्सलं पोचवणाऱ्या पोरांचा विचार करा. त्यांची कमाई किलोमीटरवर आणि त्यांचा खर्च लिटरवर. आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत पेट्रोलवर राज्याचा कर २५ टक्के अधिक लिटरमागे ५ रुपये १२ पैसे आहे. तो लिटरवर बसतो, किलोमीटरवर नाही. तेवढ्याच अंतराला लिटर जास्त, म्हणजे तेवढ्याच अंतराला करही जास्त. आपल्या सरकारला याची खंत वाटण्याचं कारण नाही, हे मी समजू शकते.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा दर कमी ठेवा, उष्णता कमी मिळते त्याची भरपाई ग्राहकाला दरातून द्या, असं त्याच २०२१च्या आराखड्यात सुचवलेलं होतं. मंत्रालय २०२५मध्ये म्हणालं, तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता सरासरी खरेदी ७१ रुपये ३२ पैशांना पडते, मग सवलत कुठून देणार? ही अडचण खरी असेल. पण त्याचा अर्थ एवढाच होतो की शेतकऱ्याला मिळणारा वाढीव दर वाहनचालकाच्या मायलेजमधून दिला जातो. तसं असेल तर तसं सांगा. मी ऊसवाल्याची मुलगी, कदाचित आनंदाने देईन. पण न सांगता कापलेले पैसे वर्गणी म्हणून धरता येत नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माहेरी भाऊ ऊस घालतो. त्याला भाव टनावर मिळतो खरा, पण नुसत्या टनावर नाही, उताऱ्यावर. २०२५-२६च्या हंगामात क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी (केंद्राने ठरवलेला रास्त भाव) ठरली ती १०.२५ टक्के उताऱ्याला, आणि वरच्या दर ०.१ टक्क्याला आणखी पैसे. उसात साखर किती ते पाहून भाव. वहिनी सकाळी डेअरीवर दूध घालते तिथेही यंत्र लागतं. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) असेल तर पूर्ण भाव, फॅट उतरलं की भाव उतरला. दूध लिटरभर भरलंय की, असं म्हणून तिथे कुणी ऐकत नाही. आमच्या दारातला गवळी पाणी घालायचा तेव्हा आईही त्याला मापावरून बोलायची नाही, सायीवरून बोलायची. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या नावाने हे इथेनॉल चाललं आहे, त्याचा माल आतल्या सत्त्वावर मोजला जातो. आणि तो माल इंधन होऊन ठाण्यात आला की आमच्याकडून मात्र नुसत्या आकारमानाचे पैसे.

सत्त्वावर भाव ठरवा असं म्हटलं तर ते तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. लिहिणं मात्र अवघड नाही. माझ्या स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. दोन तेलं मिसळून विकायची तर पिशवीवर कुठलं तेल किती टक्के हे छापावंच लागतं. त्या मिश्रणात कुठलंही तेल २० टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही असाही नियम आहे. पुन्हा तोच वीसचा आकडा बघा! ८० टक्के राइस ब्रान, २० टक्के सूर्यफूल, असं मी भजी तळण्याआधी वाचू शकते. ८० टक्के पेट्रोल, २० टक्के इथेनॉल हे गाडी सुरू करण्याआधी वाचू शकत नाही.

ब्राझीलचं नाव आमच्या तोंडावर फेकलं जातं की तिथे तर २७ टक्के कधीपासून आहे. आहे. ऑगस्ट २०२५पासून तर ३० टक्के झालं. पण ब्राझीलने हा उद्योग १९७५ साली सुरू केला, २००३पासून तिथे कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात, आणि पंपावर निव्वळ इथेनॉलचं नोझल वेगळं, त्याचा दर वेगळा. तिथला सामान्य माणूस पंपावर उभा राहून तोंडी हिशेब करतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल घ्यायचं, नाहीतर पेट्रोल. त्याला सत्त्व कमी आहे हे माहीत आहे आणि ते दरात दिसतं. अमेरिकेत १५ टक्क्यांच्या पंपावर नारिंगी लेबल असतं, २००१च्या आधीच्या मोटारी आणि दुचाक्यांत हे घालू नका म्हणून. युरोपात २०१८पासून नोझलवर आणि नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणापाशी एकसारखी खूण असते, गोलात ‘ई५’ नाहीतर ‘ई१०’, की झालं. ब्रिटनने सप्टेंबर २०२१मध्ये १० टक्के आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचं ठेवलं. आपल्या आराखड्यातही जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांचं पेट्रोल मिळत राहावं असं लिहिलं होतं. ते कुठे गेलं, कुणास ठाऊक. इथे पर्याय म्हणून १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल आहे. ते माझ्या स्कूटरला घालणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला केशराचं दूध.

दुसरा पर्याय मिळावा, निदान टक्केवारी लिहावी, म्हणून सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली होती. १ सप्टेंबर २०२५ला ती फेटाळली गेली. न्यायालयाचा मान ठेवून मी पर्यायाचा विषय इथे काढत नाही. देशाने २० टक्के ठरवले, ठीक. कच्च्या तेलासाठी बाहेर जाणारे पैसे वाचतात, कारखान्यांकडे रोख येते, चौदा दिवसांत उसाचे पैसे देण्याचा १९६६च्या आदेशातला नियम पाळायची त्यांची ऐपत वाढते. हे माझ्या भावाने मला सांगितलेलं आहे आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही. पाण्याबद्दल घालते. एक लिटर इथेनॉलच्या उसाला २८६० लिटर पाणी लागतं, हा आकडा सरकारी आराखड्यातलाच. पण तो वाद दिवाळीत, माहेरी.

तुम्ही म्हणाल, आमचं काम लिटर मोजणं. लिटरात काय आहे ते तेल कंपन्या आणि पुरवठा खातं बघेल. शिवाय पेट्रोल पिशवीत बांधून येत नाही, त्यामुळे आवेष्टित वस्तूंचे नियमही लागू नाहीत. हे उत्तर मला आधीच लिहून घेता येईल इतकं सरळ आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने ग्राहकाला मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, किंमत कळण्याचा हक्क दिला आहे आणि तुमची यंत्रणा ज्या विभागात बसते त्याच्या पाटीवर ‘ग्राहक संरक्षण’ हे शब्द आहेत. शिवाय पंपाच्या यंत्रापर्यंत दरवर्षी नेमाने जाऊन, ते उघडून, तपासून, शिक्का मारून येणारं सरकारी माणूस तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. वार्षिक पडताळणीला तुमचा निरीक्षक जाईल तेव्हा त्याने दराच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात, मराठीत, ‘इथेनॉल २० टक्के’ असं यंत्राच्या दर्शनी भागावर लावलं आहे का ते पाहावं, आणि नसेल तर अहवालात नोंदवावं. ते लावायची सक्ती करायचा अधिकार आज तुम्हाला नसेल, तर तो मिळावा म्हणून विभागामार्फत केंद्राला पत्र जावं. बिलावर घनता छापता येते तर त्याच ओळीत टक्केवारीही छापता येईल. आणि गाडीला १० टक्के चालेल का ते कंपनीवरून ऑनलाइन पाहण्याची सोय ब्रिटनने केली, तशी सोय आपल्याकडे गाडीच्या नंबरावरून करायला परिवहन खात्याला सुचवा. गाडीचं वर्ष, मॉडेल, इंधन, सगळं त्यांच्याकडे आहेच.

उद्या आकडा २०वरून वर न्यायचा विषय निघेल. तेव्हा तरी माझ्या मेकॅनिकला बाटली उजेडात धरायची वेळ येऊ नये. तुमचा निरीक्षक चरईच्या बाजूला पडताळणीला येणार असेल तर आधी निरोप द्या. पाच लिटरचं माप तो आणेलच, सिलिंडर माझ्याकडे आहे. चहावाल्याला स्टो विझवायला मी सांगेन.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
चरई, ठाणे

ता. क. : झाकणाचा वॉशर बदलला. स्कूटर चालू आहे, पण सकाळी खोकते.